बॉयकॉटसाहेबांचं क्रियापद

परवा भाची फोनवर म्हणाली, "मामा, आम्ही ते हॉटेल बॉयकॉट केलंय." मला हसू आलं. बिचारे बॉयकॉटसाहेब! त्यांच्या आडनावाचं क्रियापद झालं, आणि ते जगभर गेलं.

चार्ल्स बॉयकॉट हे आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातले, लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली, ती पुरेशी मिळेना. उलट साहेबांनी कुळांना हुसकायच्या नोटिसा काढल्या. त्याच सप्टेंबरात पार्नेल या पुढाऱ्याने एनिसच्या सभेत सांगितलं होतं, की हुसकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, नुसतं एकटं पाडा. लोकांनी हेच शस्त्र साहेबांवर चालवलं. गडी निघून गेले, दुकानदार माल देईना, कपडेही कुणी धुईना. शेवटी पीक काढायला उत्तरेतून पन्नासेक माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई! जेमतेम ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्च झाला म्हणतात. डिसेंबरात साहेबांनी आयर्लंड सोडलं.

शब्दाचं श्रेय रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने तिथल्या फादर ओमॅलींना दिलंय. 'ऑस्ट्रसाइझ' हा जड शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून ओमॅलींनी साहेबांचं नावच सुचवलं. वर्ष संपायच्या आत तो वर्तमानपत्रांत रुळला.

१९०५ च्या वंगभंगानंतर टिळकांनी इथे बहिष्काराची हाक दिली. तेव्हाही दुबळ्यांनी बलवानाशी असहकार केला, असाच त्याचा अर्थ होता.

पण आपल्याकडे 'वाळीत टाकणं' त्याच्या कितीतरी आधीचं आहे, आणि ते बहुधा उलट्या दिशेने चालायचं. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत' होतं, ते उगाच नाही.

आजी सांगायची, गावात एका घराने विधवा मुलीचं लग्न लावलं म्हणून त्यांना वाळीत टाकलं. ठरवणाऱ्यांत आपले पणजोबा होते. मुलीची आई विहिरीवर आली की आजी मान खाली घालून कळशी भरायची. "एकदा तरी बोलायला हवं होतं रे," असं ती म्हातारपणी म्हणायची. त्या घरालाही कुणी मारलं नव्हतं, नुसतं एकटं पाडलं होतं.

अशा सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजी तोवर गेली होती.

भाचीला एवढंच म्हटलं, बॉयकॉट खुशाल कर. फक्त ज्याला एकटं पाडतेस तो आपल्यापेक्षा मोठा आहे की लहान, ते आधी बघ.