खिडकीला अस्तर

गेल्या काही भागांत आपण चूल, जातं आणि विहीर यांचा इतिहास ऐकला. आज खिडकीकडे वळू. त्यातही थंड देशांतल्या बायका दर हिवाळ्यात घरात बसवत आल्या, त्या दुसऱ्या खिडकीबद्दल बोलू. पहिली खिडकी आहे तशी ठेवायची आणि तिच्या आतल्या बाजूला आणखी एक काचेची चौकट लावायची. परकराला किंवा झबल्याला आपण अस्तर लावतो, तसंच हे खिडकीचं अस्तर.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे एका काचेची पंचाईत, तिथे दोन काचांचं काय? पण या दुसऱ्या तावदानाच्या गोष्टीत सरपण आहे, वीजबिल आहे, घरातला धूर आहे आणि बायकांचे हात आहेत. म्हणून ती आपलीही आहे.

काच येण्याआधी भिंतीतलं भोक हे भोकच होतं. उजेड हवा तर वारा, पाऊस आणि धूळही सोसायची. थंडी वाजली की लाकडी कवाड लावून अंधारात बसायचं. उजेड आत आणि वारा बाहेर ठेवायला माणसांनी नाना उपाय केले. कुणी तेल लावलेला कागद किंवा कापड ताणून बसवलं. रोमन लोक एका पारदर्शक दगडाचे पातळ पापुद्रे काढून खिडकीत घालत. रशियात त्यासाठी अभ्रक वापरत. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांत पातळ चपट्या शिंपल्यांची तावदानं आजही दिसतात. त्यांतून मऊ, दुधाळ उजेड येतो आणि उन्हाचा चटका कमी होतो. जिथे जे मिळालं, त्यातून तिथल्या माणसांनी खिडकी घडवली.

काच बनवता येऊ लागली तरी ती बराच काळ श्रीमंतांचीच राहिली. इंग्लंडात तर खिडक्यांवर कर होता. १६९६ साली तो सुरू झाला. सुरुवातीला दहा किंवा जास्त खिडक्यांच्या घराला जास्तीचा कर पडे. १७६६ साली ही मर्यादा सात खिडक्यांवर आणली. कर वाचवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. अशा बुजवलेल्या खिडक्या तिथल्या जुन्या घरांवर अजून दिसतात. सर्वांत जास्त भोगलं ते भाडेकरूंनी. एका मोठ्या इमारतीत अनेक गरीब कुटुंबं राहत, इमारतीचा कर मालक भरे आणि मालक खिडक्या बुजवी. बिनउजेडाच्या, बिनहवेच्या खोल्यांत आजार वाढतात, असं डॉक्टर सांगत राहिले. त्यात १७४६ पासून काचेवर वेगळा कर होता. काचेचा कर १८४५ साली उठला आणि खिडक्यांचा १८५१ साली. म्हणजे उजेड आणि हवा यांच्यासाठी तिथल्या लोकांनी दीडशे वर्षं सरकारला पैसे मोजले.

आता दुसऱ्या तावदानाकडे येऊ. ते जन्मलं जास्त थंडीच्या मुलखात. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया, स्वीडन, फिनलंड या देशांत हिवाळ्यात महिनोन्महिने बर्फ असतो. तिथे एका काचेच्या खिडकीजवळ बसवत नाही. घरातली ऊब काचेतून निघून जाते आणि काचेवर आतून दव साचून त्याचाही बर्फ होतो. म्हणून तिथे हिवाळी खिडकीची रीत पडली. ही चौकट उन्हाळाभर माळ्यावर ठेवायची, थंडीच्या तोंडावर खाली काढून धुवायची आणि जुन्या खिडकीला जोडून घट्ट बसवायची. वसंत आला की पुन्हा काढायची. व्हिएन्ना शहरातल्या जुन्या इमारतींत दोन खिडक्यांची जोडी पेटीसारखी कायमचीच बसवलेली असते आणि दोन्हींच्या मध्ये थंडीत लांबट उशी ठेवतात.

हे सगळं काम घरकामातच मोडायचं. आपण उन्हाळ्यात वाळवणं घालतो आणि पावसाआधी घर शाकारून घेतो, तसंच. रशियात आतली चौकट बसवली की फटीत कापूस भरायचा. मग कागदाच्या लांब पट्ट्या कापायच्या, पिठाची खळ शिजवायची आणि चौकटीच्या कडेने पट्ट्या चिकटवायच्या. वारा यायला केसाएवढीही फट ठेवायची नाही. दोन काचांमध्ये खाली कापसाची गादी अंथरायची. दमट हवेने काच धुरकटू नये म्हणून तिथे मिठाचं पात्रही ठेवत. स्वीडन आणि फिनलंडकडे कापसासोबत वाळलेलं शेवाळ किंवा सुकवूनही न कोमेजणारी फुलं मांडत. बाहेर सगळं पांढरं झालं, की दोन काचांमधली ती चार फुलं हीच घराची बाग.

पण एवढं घट्ट बंद केलेल्या घरात माणसांनी श्वास कसा घ्यायचा? हा प्रश्न त्या बायकांना आपल्या आधी पडला होता. रशियन खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात म्हणून एक छोटं, वेगळं उघडणारं तावदान असतं. त्याला फोर्तोच्का म्हणतात. मोठी खिडकी हिवाळाभर बंद, पण फोर्तोच्का रोज थोडा वेळ उघडायची. शेगडीचा धूर, स्वयंपाकाची वाफ आणि माणसांच्या श्वासाची कोंदट हवा तिथून बाहेर जाते. ऊब राखायची तर फटी बुजवाव्या लागतात, पण हवेची एक वाट आपल्या हाताने राखूनच, हा धडा त्या खिडकीत बसवलेला आहे.

आता विचार करू, की एका काचेने न भागणारं काम दुसरी काच कसं करते? गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून आपण धावदोरा घालतो. एकेक लुगडं पातळच असतं. पण थरांच्या मध्ये हवा अडकते, ती हलत नाही, म्हणून अंगाची ऊब बाहेर पळत नाही. खिडकीत हेच घडतं. काचेतून उष्णता सहज पार होते. थांबलेल्या हवेतून ती काचेच्या मानाने सुमारे ४० पट हळू जाते. म्हणजे ऊब धरते ती दोन काचांमधली हवा. काचा फक्त तिला जागेवर ठेवतात. म्हणूनच हे अंतरही बेताचं हवं. साधारण दीड-दोन सेंटिमीटर पुरतं. आवाज अडवायचा असेल तर मात्र दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर ठेवतात.

एकावर एक काचांची ही ताकद जिनिव्हातल्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ साली तपासली. त्याने काचेच्या पाच पेट्या एकीत एक बसवून उन्हात ठेवल्या. सर्वांत आतली पेटी जवळजवळ पाणी उकळेल इतकी तापली. आपल्याकडची पेटीसारखी सूर्यचूल त्याच तत्त्वावर चालते. जिने ती वापरली असेल तिने झाकणाला हात लावून पाहिलं असेल. त्या झाकणात एक काच नसते, दोन असतात. म्हणजे दुहेरी काच आपल्या अंगणात खिडकीच्या आधी वरणभाताच्या निमित्ताने पोचली.

पुढे या घरगुती युक्तीचा कारखाना झाला. अमेरिकेत थॉमस स्टेटसन याने १८६५ साली दोन काचा कडेने जोडून एकच तावदान करण्याचं पेटंट घेतलं. १९५९ साली इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची रीत जाहीर केली आणि चांगली काच स्वस्त होत गेली. १९७३ साली तेलाचे भाव एकाएकी भडकले, तेव्हा थंड देशांना घर तापवणं परवडेनासं झालं. अमेरिकेने १९७६ साली कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरं थंडीपासून राखण्याची सरकारी योजना कायद्याने सुरू केली. फटी बुजवणं आणि खिडकीला जादा तावदान देणं ही त्यातलीच कामं.

ब्रिटनमध्ये मात्र बाजार जोरात आला. विक्रेते दारोदार जाऊन सांगू लागले, जुनी खिडकी काढून टाका, आमची नवी बंद जोडकाचेची घ्या. शंभर वर्षं टिकलेल्या लाकडी चौकटी उपटल्या गेल्या. बंद जोडकाचेत एक अडचण असते. कडेची चिकटपट्टी काही वर्षांनी सुटली की आत ओल शिरते, काच कायमची धुरकट होते आणि ती पुसता येत नाही. अख्खं तावदान बदलावं लागतं. जुन्या खिडकीला आतून लावलेली सुटी चौकट काढता येते, धुता येते, गावच्या सुताराकडून नीट करून घेता येते. संरक्षित जुन्या घरांत तर मूळ खिडकी बदलायला सहसा परवानगीच मिळत नाही, म्हणून तिथे हा अस्तराचाच मार्ग उरला.

तो मार्ग दुय्यम नव्हता, हे मोजमापाने दाखवलं. २००८ साली ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने स्कॉटलंडच्या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेसाठी जुन्या एकेरी काचेच्या खिडकीची तपासणी केली. आतून दुसरं तावदान लावल्यावर काचेतून जाणारी उष्णता सुमारे ६३ टक्क्यांनी घटली. नुसती लाकडी कवाडं लावली तरी सुमारे ५१ टक्के घट झाली. जाड पडद्याने सुमारे १४ टक्के. आजीच्या काळचं लाकडी कवाड किती कामाचं होतं, ते या आकड्यांतून कळतं. काच घ्यायची ऐपत नसलेले लोक तिथे आजही खिडकीच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणतात. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली की ते ताठ बसतं. काम हवा करते, म्हणून तेही चालतं.

आणि हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. ब्रेंडा बोर्डमन या संशोधक बाईंनी १९९१ साली ब्रिटनमधल्या इंधनाच्या गरिबीवर पुस्तक लिहिलं. घर पुरेसं उबदार ठेवायला मिळकतीचा दहावा हिस्सा किंवा जास्त लागत असेल, तर ते घर इंधनाने गरीब, असं त्यांनी मांडलं. श्रीमंत म्हणवणाऱ्या देशातही म्हाताऱ्या बायका चुलीला द्यायचं की पोटाला, असा हिशोब करत बसतात, हे त्यातून उघड झालं. २००० साली त्या देशाने उबदार घरांसाठी कायदा केला. सरपणाचा भारा डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या देशातही याचं चांगलं उदाहरण आहे. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो आणि झाडं कमी असल्याने सरपण दुर्मिळ. लेहजवळच्या फे गावी सेकमॉल या शिक्षणसंस्थेची मातीची घरं दक्षिणेकडे तोंड करून बांधली आहेत. हिवाळ्यात त्यांच्या दक्षिण बाजूला प्लास्टिकचा पारदर्शक पडदा चढवतात आणि उन्हाळा आला की काढून ठेवतात. दिवसाचं ऊन आत येतं, मातीच्या भिंती ते साठवतात आणि रात्री परत देतात.

मग आपण काय घ्यायचं? निफाडकडची थंडी सोडली तर आपल्या बहुतेक गावांचा वैरी ऊन आहे. म्हणून दुसऱ्या देशाची खिडकी जशीच्या तशी उचलू नये. पश्चिमेच्या भिंतीला मोठी सरकती काच लावली, वर छज्जा नाही, बाहेर पडदा नाही, तर घराची सोस्यूरची पेटी होते. आत आपणच शिजतो. त्यापेक्षा बाहेरून तट्ट्या, वेल किंवा लाकडी झडप असलेली खिडकी बरी.

अस्तराची युक्ती मात्र पत्र्याच्या छपराला उपयोगी पडते. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं छत करावं आणि त्या जागेतली तापलेली हवा निघून जायला दोन्ही टोकांना वाट ठेवावी. थंडीत हवा कोंडायची, उन्हाळ्यात ती वाहू द्यायची, एवढा फरक ध्यानात ठेवायचा.

आणि फोर्तोच्का विसरू नये. थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. स्वयंपाकघराचं नवं बांधकाम निघालं, तर चुलीच्या वर झरोका हवा, हे गवंड्याला पहिल्याच दिवशी सांगा. नंतर भिंत फोडायला पैसे कोणी देत नाही.

घर बांधताना खिडकीची जागा बहुतेक वेळा पुरुष आणि गवंडी ठरवतात. त्या घरात दिवसाचे सर्वांत जास्त तास आपण असतो. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घराची एकेक खिडकी डोळ्यांसमोर आणावी. ऊन कुठून येतं, धूर कुठून जातो, कुठली फट बुजवायची आणि कुठली राखायची, ते एकमेकींना सांगावं. जे ठरेल ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू आणि पुढच्या भागात वाचून दाखवू. नमस्कार.