गैरहजर कर्मचारी : नोकरी सोडली की काढून घेतली?

१/ रजा संपूनही सरकारी कर्मचारी कामावर परतला नाही, तर त्याने नोकरी सोडली असे म्हणावे, की शासनाने त्याला काढले असे? वरवर शब्दच्छल भासणारा हा प्रश्न जोधपूर कारागृहातील एका हेड वॉर्डरने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी पार्श्वभूमी. ब्रिटिश परंपरेत सरकारी नोकर राजाच्या मर्जीपुरताच सेवेत असे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम २४० ने त्या मर्जीला बांध घातला : बडतर्फीपूर्वी बाजू मांडण्याची वाजवी संधी. संविधानात मर्जी कलम ३१० मध्ये आली, तर संरक्षण कलम ३११ मध्ये.

३/ मात्र सेवानियमांत एक पळवाट शिल्लक होती. जोधपूर संस्थानाचा नियम सांगे की, रजा संपल्यावर महिनाभर विनापरवाना गैरहजर राहणाऱ्याने पदाचा त्याग केला असे समजावे. म्हणजे शासनाने कोणाला काढलेच नाही. मग संधी द्यायची कशाची?

४/ हेड वॉर्डर जयशंकर १९५० साली रजेवर गेले. प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी मुदतवाढ मागितली. त्याच वर्षी, कोणतीही विचारणा न होता, त्यांची नोकरी गेली. संस्थान राजस्थानात विलीन झाले होते. नियम मात्र जिवंत होता. त्यांनी दिवाणी दावा लावला.

५/ निकाल लागला १९६५ साली. न्या. हिदायतुल्ला यांच्या निवाड्याचा गाभा असा : नियमाने कोणतेही नाव दिले तरी, कर्मचारी परत येऊ इच्छित असताना त्याला येऊ न देणे म्हणजे त्याला काढून टाकणेच होय. ती गैरहजेरीची शिक्षा आहे. म्हणून आधी कारण विचारलेच पाहिजे.

६/ हाच पेच बिहारमध्ये पुन्हा उभा राहिला. तेथील सेवासंहितेनुसार सलग ५ वर्षे गैरहजर राहिल्यास सेवा आपोआप संपे. शिक्षण खात्यातील देवकीनंदन प्रसाद यांना ही गैरहजेरीच मान्य नव्हती. तरीही त्यांची नोकरी गेली आणि निवृत्तिवेतनही नाकारले गेले.

७/ १९७१ साली न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नसून कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे, हे तत्त्व याच खटल्यात ठरले. पुढे १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा निकालाने त्याचाच आधार घेतला. आज तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो!

८/ याचा अर्थ गैरहजर कर्मचाऱ्याला काढताच येत नाही, असा नव्हे. चौकशीअंती काढता येते. मात्र २०१२ च्या कृष्णकांत परमार खटल्यात न्यायालयाने आणखी एक पायरी घातली : गैरहजेरी हेतुपुरस्सर होती, हे सिद्ध व्हायला हवे. आजारपण वा अपघातासारख्या अपरिहार्य कारणाने दूर राहणे म्हणजे कर्तव्यच्युती नव्हे.

९/ हजेरीपटावरील रिकामा रकाना एवढेच सांगतो की माणूस आला नाही. का आला नाही, हे तो सांगत नाही. जोधपूर आणि बिहारच्या नियमांनी ते 'का' वगळूनच निष्कर्ष काढला होता. राजाच्या मर्जीकडून कायद्याच्या राज्याकडे झालेला प्रवास एका अर्थी या एका प्रश्नात सामावला आहे : काढण्यापूर्वी विचारले का?