सचिनची ‘ती’ शेवटची ओव्हर बेसबॉलमध्ये ‘सेव्ह’ ठरली असती! सेव्ह म्हणजे काय आणि ६५२ सेव्ह कुणाचे?

२४ नोव्हेंबर १९९३. कोलकात्याचं ईडन गार्डन्स. हिरो कपची सेमी फायनल. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या. संघात कपिल देव आणि श्रीनाथ असताना कर्णधार अझरुद्दीनने चेंडू दिला सचिन तेंडुलकरच्या हातात. त्या सामन्यात तोवर सचिनने एकही ओव्हर टाकली नव्हती. त्याने फक्त ३ धावा दिल्या आणि भारत २ धावांनी जिंकला.

१९९६ च्या टायटन कपमध्ये मोहालीला पुन्हा तेच घडलं. ऑस्ट्रेलियाला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या आणि एकच गडी शिल्लक होता. सचिनच्या पहिल्याच चेंडूवर ब्रॅड हॉग धावबाद झाला आणि भारताने ५ धावांनी बाजी मारली.

स्कोअरबोर्डवर मात्र या दोन ओव्हरची वेगळी नोंद नाही. १९९३ च्या त्या ओव्हरचे आकडे १ षटक, ३ धावा, ० बळी एवढेच दिसतात. शिरोळ-जयसिंगपूरकडच्या टेनिस बॉल स्पर्धेत शेवटची ओव्हर कुणाला द्यायची हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, पण त्याने किती सामने वाचवले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. बेसबॉलने तो ठेवला. त्यालाच म्हणतात ‘सेव्ह’.

सेव्ह म्हणजे नेमकं काय?

बेसबॉलमध्ये दोन्ही संघांना साधारण ९-९ डाव मिळतात आणि प्रत्येक डावात ३ जण बाद झाले की डाव संपतो. चेंडू फेकणारा तो पिचर. सामना सुरू करणारा पिचर दमला की त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर. क्रिकेटपेक्षा इथे मोठा फरक आहे. एकदा सामन्याबाहेर गेलेला पिचर परत येऊ शकत नाही. म्हणून शेवटचा माणूस जपून ठेवावा लागतो. त्याला ‘क्लोजर’ म्हणतात.

सेव्ह मिळायला आधी या गोष्टी जुळाव्या लागतात :

• त्याचा संघ जिंकला पाहिजे आणि सामन्याचा शेवटचा पिचर तोच असला पाहिजे.
• विजयाचं श्रेय म्हणजे ‘विन’ त्याच्या नावावर नसावं.
• त्याने किमान एक फलंदाज बाद होईपर्यंत पिचिंग केलेलं असावं.

शिवाय पुढच्या तीनपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते :

• तो आला तेव्हा आघाडी ३ किंवा कमी धावांची होती आणि त्याने किमान एक पूर्ण डाव टाकला.
• तो आला तेव्हा बरोबरी साधू शकणारा खेळाडू बेसवर, बॅटिंगला किंवा पुढच्या नंबरवर तयार होता.
• त्याने शेवटचे किमान ३ डाव नीट टाकले.

म्हणजे नवव्या डावात ५-२ असताना आलेल्या पिचरने सामना संपवला तर सेव्ह. ६-२ असताना, बेस मोकळे असताना येऊन तेच केलं तर नाही. आणि हाती आलेली आघाडी त्याने घालवली, तर नावावर लागतो ‘ब्लोन सेव्ह’.

ही कल्पना आली कुठून?

एका पत्रकाराकडून. १९५९ मध्ये पिट्सबर्गचा रिलीफ पिचर एलरॉय फेसचा हिशेब होता १८ विजय आणि १ पराभव. कागदावर जबरदस्त! पण शिकागोचे क्रीडा पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांना त्यात खोट दिसली. काही सामन्यांत फेसने आघाडी घालवली होती, नंतर त्याच्या फलंदाजांनी सामना जिंकून दिला आणि विजय मात्र फेसच्या नावावर लागला. जो खरोखर आघाडी राखतो त्याची नोंद व्हावी म्हणून होल्ट्झमन यांनी सेव्हची व्याख्या मांडली. १९६९ मध्ये मेजर लीगने ती अधिकृत केली. नियमाचं आजचं स्वरूप १९७५ पासूनचं आहे.

सर्वाधिक सेव्ह कुणाचे?

मेजर लीगमधले पहिले चार असे (२०२५ च्या हंगामाअखेर) :

१. मारियानो रिव्हेरा – ६५२
२. ट्रेव्हर हॉफमन – ६०१
३. ली स्मिथ – ४७८
४. केनली जॅन्सन – ४७६

रिव्हेरा पनामातल्या एका मच्छीमाराचा मुलगा. १९९५ ते २०१३ अशी सगळी कारकीर्द न्यूयॉर्क यांकीजकडे. त्याचं मुख्य अस्त्र एकच, ‘कटर’, म्हणजे वेगात येऊन शेवटच्या क्षणी किंचित वळणारा चेंडू. तो येणार हे फलंदाजाला ठाऊक असायचं, तरी खेळता यायचा नाही. १९ सप्टेंबर २०११ ला त्याने हॉफमनला मागे टाकलं. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी मतदान झालं तेव्हा ४२५ पैकी ४२५ मतं त्याला पडली. एकमताने निवडून आलेला तो पहिलाच खेळाडू. याच रिव्हेराने २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात नवव्या डावात आघाडी घालवली होती.

एका हंगामातला विक्रम फ्रान्सिस्को रॉड्रिगेझचा, २००८ मध्ये ६२. सलग ८४ सेव्हची संधी न दवडण्याचा विक्रम एरिक गान्येचा, २००२ ते २००४ दरम्यानचा.

आशियातही मोठी नावं आहेत. जपानच्या हितोकी इवासेने चुनिची ड्रॅगन्सकडून ४०७ सेव्ह केले. दक्षिण कोरियाच्या ओ सुंग-ह्वानने कोरियात ४२७, जपानमध्ये ८० आणि अमेरिकेत ४२, असे एकूण ५४९.

मग यात वाद कसला?

पहिला वाद नियमाचा. २२ ऑगस्ट २००७ ला टेक्सासने बाल्टिमोरला ३०-३ असं धुतलं. शेवटचे ३ डाव टाकले म्हणून वेस लिटलटनला त्या सामन्यातही सेव्ह मिळाला! वाचवायला काहीच नसताना. उलट सातव्या डावात बेस भरलेले असताना संघाला बाहेर काढणाऱ्या पिचरला सेव्ह मिळत नाही, कारण सामना त्याने संपवलेला नसतो.

दुसरा वाद जास्त गंभीर आहे. आकडा खेळाच्या सोयीसाठी आला आणि खेळच आकड्याच्या सोयीने चालू लागला. १९८० च्या दशकाच्या शेवटी ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला जवळपास फक्त नवव्या डावासाठी राखून ठेवलं. ते इतकं यशस्वी झालं की सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. क्लोजरचं नाव आणि मानधन सेव्हच्या आकड्यावर ठरू लागलं.

याची किंमत बाल्टिमोरने ४ ऑक्टोबर २०१६ ला मोजली. टोरांटोविरुद्धचा तो बाद फेरीचा सामना हरला की हंगाम संपणार होता. बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने त्या हंगामात ४७ पैकी ४७ सेव्ह केले होते. सामना २-२ असा अडकला. आघाडी नाही म्हणजे सेव्ह नाही, म्हणून मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी ब्रिटनला राखूनच ठेवलं. अकराव्या डावात दुसऱ्याच पिचरला एडविन एन्कार्नासियोनने होम रन ठोकला आणि टोरांटो ५-२ ने जिंकला. सगळ्यात भरवशाच्या पिचरने त्या दिवशी एकही चेंडू फेकला नाही.

आता बरेच संघ आपला सर्वोत्तम रिलीफ पिचर सर्वात अवघड क्षणी वापरतात, मग तो सातवा डाव का असेना. त्यामुळे एकाच पिचरच्या नावावर दरवर्षी ४०-५० सेव्ह जमणं कठीण झालंय, आणि रिव्हेराचा ६५२ चा आकडा आणखी दूर गेलाय.

क्रिकेटमध्ये मात्र हा प्रश्न कर्णधाराला आजही प्रत्येक सामन्यात पडतो : बुमराहची शेवटची ओव्हर विसाव्या षटकासाठी ठेवायची, की अठराव्यातच टाकून सामना तिथेच फिरवायचा?