ध्वनिक्षेपक, घरगुती

विवर्धकाकडून आलेल्या विद्युत् संकेताचे श्राव्य ध्वनीत रूपांतर करून घरातील खोलीत संगीत वा भाषण ऐकविणारी प्रयुक्ती. सभा, मिरवणुका, रेल्वे स्थानके इ. ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाचे काम शब्द दूरवर पोहोचविणे एवढेच असते. घरगुती ध्वनिक्षेपकाकडून गायकाचा आवाज त्याचाच वाटावा, सतार व सरोद यांतील भेद पुसला जाऊ नये, अशी अपेक्षा असते. त्यासाठी ध्वनिक्षेपकाने काही खास गोडवा निर्माण करावा लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः चांगल्या ध्वनिक्षेपकाचा मुख्य गुण अभावात्मक आहे : त्याला स्वतःचा आवाज नसावा. संकेत थांबल्यावरही थरथरत वा घुमत राहणारा त्याचा प्रत्येक भाग मूळ संगीतात स्वतःची भर घालतो. ही भर कशी ओळखावी व ती कशी काढून टाकावी, या दोन प्रश्नांभोवती या प्रयुक्तीचा सु. शंभर वर्षांचा इतिहास फिरतो. त्यांपैकी पहिला प्रश्न अधिक अवघड ठरला.

चुंबकीय क्षेत्रात टांगलेल्या व प्रवाहानुसार पुढेमागे हलणाऱ्या वेटोळ्याची कल्पना जर्मन संशोधक एर्न्स्ट व्हेर्नर झीमेन्स यांनी १८७४ च्या एकस्वात वर्णिली होती. ब्रिटिश भौतिकीविज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये तशाच रचनेचे एकस्व घेतले. तथापि क्षीण संकेत वाढविणारी इलेक्ट्रॉन नलिका उपलब्ध होईपर्यंत या कल्पनांचा घरगुती वापर होणे शक्य नव्हते. पीटर जेन्सन व एडविन प्रिडॅम यांनी कॅलिफोर्नियात हलत्या वेटोळ्याला कर्णा जोडून १९१५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे मोठ्या जनसमुदायाला भाषण व संगीत ऐकविले. रेडिओच्या पहिल्या काळात घरातही दूरध्वनीच्या श्रवणिकेवर बसविलेला कर्णाच असे. कर्ण्यामुळे थोड्या शक्तीत मोठा आवाज मिळतो. पण आखूड कर्णा खालचे स्वर सोडून देतो आणि स्वतःच्या लांबीला जुळणारे स्वर फुगवितो. त्या काळच्या रेडिओचा नाकातून आल्यासारखा आवाज हा या दोषाचा परिणाम होय.

आजच्या बहुतेक ध्वनिक्षेपकांचा पाया जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने घातला. त्यांनी कर्णा काढून टाकला आणि एका लहान कागदी शंकूला वेटोळे जोडून त्याची कड लवचिक ठेवली. यामागील युक्तिवाद विलक्षण सुबक आहे. नैसर्गिक कंप्रतेच्या वर शंकूची हालचाल त्याच्या वस्तुमानाने ठरते आणि कंप्रता वाढेल तसा त्याचा वेग कमी होत जातो. उलट कंप्रता वाढेल तशी लहान पृष्ठाची हवेत ध्वनी सोडण्याची क्षमता वाढते. हे दोन परिणाम एकमेकांस नाहीसे करतात व विस्तृत पट्ट्यात ध्वनीची पातळी सारखी राहते. यासाठी शंकूची नैसर्गिक कंप्रता संगीताच्या पट्ट्याच्या तळाशी असावी लागते. तोपर्यंतचे रचनाकार पटल ताणून ती वर नेत आणि मिळालेल्या मोठ्या आवाजाला गुण समजत असत. राइस व केलॉग यांनी आवाजाची तीव्रता जाणूनबुजून सोडून दिली व ती उणीव विवर्धकाने भरून काढली. त्यांच्या रचनेवर आधारलेला व विवर्धकासह मिळणारा ‘रेडिओला १०४’ हा ध्वनिक्षेपक लवकरच बाजारात आला.

शंकूने एक जुनी अडचण सोडविली व एक नवी निर्माण केली. शंकू पुढे सरकला की, समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खालच्या स्वरांची तरंगलांबी मोठी असते (५० हर्ट्झला सु. ७ मी.), त्यामुळे पुढील व मागील तरंग कडेवरून वळसा घेऊन एकमेकांस मारतात व खर्ज नाहीसा होतो. मोठ्या फळीवर शंकू बसविणे हा सोपा उपाय, परंतु पुरेशी फळी भिंतीएवढी होते. बेल प्रयोगशाळेतील ॲल्बर्ट थुरास यांनी १९३२ मध्ये मिळालेल्या एकस्वात पेटीला छिद्र ठेवून मागील तरंग उलटवून उपयोगात आणण्याची रीत दिली. अरुंद तोंडाच्या सुरईवर फुंकर घातल्यास जसा स्वर निघतो, तसेच पेटीतील हवा व छिद्रातील हवा मिळून ठराविक कंप्रतेला डोलतात. अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांनी याउलट कर्ण्याचेच पुनरुज्जीवन केले. १९४६ पासून विकल्या गेलेल्या त्यांच्या कोपऱ्यातील ध्वनिक्षेपकात कर्णा घडी घालून पेटीत बसविलेला असून खोलीच्या दोन भिंती त्याचा पुढील भाग बनतात. रचना चातुर्याची खरी, पण ती कपाटाएवढी जागा व मोकळा कोपरा मागते.

येथे ध्वनिक्षेपकाच्या रचनेतील एक कठोर व्यवहार स्पष्ट होतो. लहान पेटी, खोल खर्ज व उच्च कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणत्याही दोन घ्याव्यात व तिसरी सोडावी. हा नियम जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. कोणता त्याग करावयाचा, याविषयीच्या निवडीतून निरनिराळे नामांकित ध्वनिक्षेपक जन्मास आले आहेत. घरगुती ध्वनिक्षेपकात साधारणतः विद्युत् शक्तीचा सु. एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग ध्वनीत रूपांतरित होतो व उरलेल्या शक्तीची उष्णता होते. एरवी इतकी अपव्ययी प्रयुक्ती घरात टिकली नसती.

एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये कार्यक्षमतेचा त्याग पत्करला. शंकूला मागे खेचणारी यांत्रिक कड मोठ्या हालचालीत सारख्या प्रमाणात ताणली जात नाही व त्यामुळे खर्जात विकृती येते, हे त्यांनी ओळखले. त्यांनी ही कड अगदी ढिली केली, पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग बनविले. हवेची स्प्रिंग कोणत्याही कापडी वा कागदी कडेपेक्षा अधिक नियमित वागते. सु. ५० लिटरांच्या पेटीतून पूर्वी मोठ्या कपाटातूनही न मिळणारा स्वच्छ खर्ज मिळू लागला. त्यांनी हेन्री क्लॉस यांच्यासह मॅसॅचूसेट्स राज्यातील केंब्रिज येथे अकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. १९५८ मधील ‘एआर-३’ या ध्वनिक्षेपकात वरच्या स्वरांसाठी लहान घुमटाकार पटले वापरण्यात आली. शंकू उंच स्वरांना विजेरीच्या झोताप्रमाणे एकाच दिशेला फेकतो. लहान घुमट ते अधिक विस्तृत पसरवितो. पुस्तकांच्या फडताळावर मावणाऱ्या ध्वनिक्षेपकाची प्रथा या मालिकेने रूढ केली.

या कंपनीने भरविलेली प्रात्यक्षिके फार गाजली. फाइन आर्ट्स क्वार्टेट हे वादकमंडळ वाजविता वाजविता मध्येच केवळ वाजविल्याचा अभिनय करी व ध्वनिमुद्रण तेथून पुढे सुरू राही. बदल कोठे झाला, हे बहुतेक श्रोत्यांना सांगता येत नसे. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मोठ्या श्रोतृवर्गासमोर प्रत्यक्ष वादन व ध्वनिमुद्रण यांची अशीच तुलना घडविली होती. मात्र अशा पुराव्याला मर्यादा आहे. टॉमस एडिसन यांच्या कंपनीने १९१५ पासून सु. दहा वर्षे गायिका व फोनोग्राफ यांचा असाच सामना ठिकठिकाणी लावला होता, आणि तेव्हाच्या श्रोत्यांनाही फरक कळला नव्हता. तो फोनोग्राफ विद्युत् विवर्धनाशिवाय, कर्ण्यातून वाजत असे. त्यात खर्ज व तार दोन्ही अपुरे होते. गायिका यंत्राच्या बेताने आवाज लावीत, ही त्यामागील एक खूण. दालन मोठे, प्रसंग उत्साहाचा आणि अपेक्षा आधीच मनात रुजलेली असली की, कान सहज फसतो.

ब्रिटनमधील पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये विक्रीस आणलेला क्वाड कंपनीचा स्थिर विद्युत् ध्वनिक्षेपक पेटीचा प्रश्न मुळातूनच काढून टाकतो. त्यात शंकू, वेटोळे व चुंबक नाहीत. अतिशय पातळ प्लॅस्टिकचा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये ताणलेला असतो व त्याला काही हजार व्होल्टचा विद्युत् दाब दिलेला असतो. संकेत पत्र्यांना दिला की, पडदा सर्व पृष्ठभर एकदम ओढला जातो. शंकूला केवळ मध्यभागी ढकलले जाते व त्याच्या कडा मागे रेंगाळतात. येथे तसे होत नाही. पडदा इतका हलका असतो की, संकेत थांबताच लगतची हवा त्याला थोपविते. मानवी आवाज व तंतुवाद्ये यांच्या बाबतीत या ध्वनिक्षेपकाची नितळता अनेक जाणकारांनी पुढील कित्येक दशके प्रमाण मानली व त्याचे उत्पादन १९८५ पर्यंत चालू राहिले. तो मोठ्याने वाजत नाही, त्याचा खर्ज फार खोल जात नाही आणि त्याचा खरा आनंद समोर मध्यभागी बसलेल्या एकट्या श्रोत्यालाच मिळतो. कुटुंबाने एकत्र बसून ऐकण्याचे हे साधन नव्हे.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने (बीबीसी) हा प्रश्न अधिक शिस्तीने हाताळला. नभोवाणी केंद्रातील अभियंत्याला कार्यक्रमाची पारख ध्वनिक्षेपकावरूनच करावयाची असते. तोच खोटे बोलू लागल्यास सर्व प्रक्षेपण बिघडते. बीबीसीच्या संशोधन विभागात डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९४० नंतरच्या दशकात संकेत तोडल्यावर ध्वनिक्षेपक किती वेळ व कोणत्या कंप्रतांना कुजबुजत राहतो, हे मोजण्यास सुरुवात केली. पातळीच्या आलेखात जवळजवळ न दिसणारे अनुस्पंदन अशा मोजमापात उघडे पडते. या मोजमापाच्या जोडीला तेथील पद्धत अशी होती की, कलागारात परिचित सहकाऱ्याला बोलावयास लावावयाचे आणि शेजारच्या खोलीतील ध्वनिक्षेपकावरील त्याचा आवाज व त्याचा प्रत्यक्ष आवाज यांची आळीपाळीने तुलना करावयाची. व्हायोलिन कसे वाजावे याबद्दल मतभेद होतील. रोजच्या सहकाऱ्याचा आवाज ओळखण्यात कान क्वचितच चुकतो.

या कामातून दोन निष्कर्ष निघाले. कागदी शंकू प्रत्येक घाण्यागणिक वेगळा निघतो; त्याऐवजी बेक्स्ट्रीन या प्लॅस्टिकचा व अवमंदक लेप दिलेला शंकू अधिक एकसारखा व शांत असतो. दुसरा निष्कर्ष सुतारकामाच्या नेहमीच्या समजुतीविरुद्ध होता. पेटी जितकी जाड व ताठ तितकी चांगली, असे मानले जाई. तेथील डडली हारवुड व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, पातळ प्लायवुडच्या भिंतींना आतून डांबरयुक्त अवमंदक थर लावल्यास त्यांचे अनुस्पंदन खाली सरकते व लवकर विझते. ताठ भिंतींचे अनुस्पंदन मात्र मानवी आवाजाच्या पट्ट्यात, म्हणजे कान सर्वांत तीक्ष्ण असतो तेथेच येऊन बसते.

बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीतील अरुंद जागेसाठी १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास बीबीसीने तयार केलेला ‘एलएस ३/५ए’ हा या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध ध्वनिक्षेपक. सु. ३० सेंमी. उंचीच्या या पेटीचे आकारमान अवघे सु. ५ लिटर आहे. बीबीसीच्या परवान्याने रॉजर्स, स्पेन्डॉर, हारबेथ इ. कंपन्यांनी तो तयार केला व गाडीसाठी बनलेली ही वस्तू घरोघर गेली. हॉफमन यांच्या नियमाप्रमाणे त्यात कार्यक्षमता व खोल खर्ज या दोहोंवर पाणी सोडले आहे. खर्जाच्या वरच्या भागात दिलेल्या किंचित फुगवट्यामुळे ही उणीव काहीशी झाकली जाते. म्हणजे स्वतःचा आवाज नसावा या तत्त्वाला येथे जाणीवपूर्वक मुरड घातलेली आहे. निवेदकाचा आवाज मात्र त्यावर इतका सजीव वाटतो की, मोठे व महाग ध्वनिक्षेपक त्यापुढे फिके पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

पेटीच्या आकाराचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७२-७३) यांनी पूर्ण केले. त्यानंतर छिद्रयुक्त पेटी अंदाजाने कापण्याची गरज उरली नाही. श्रोत्याच्या पसंतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील फ्लॉइड टूल यांनी ध्वनिक्षेपक पडद्याआड ठेवून, सर्वांची पातळी समान करून, अनेक श्रोत्यांकडून त्यांना गुण देवविले व त्याचे निष्कर्ष १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध केले. रुची व्यक्तीगणिक भिन्न असते ही समजूत त्यात फारशी टिकली नाही. ध्वनिक्षेपक डोळ्यांआड असता निरोगी श्रवणशक्तीचे श्रोते बव्हंशी एकमताने तोच निवडीत, ज्याची समोरील पातळी सर्व कंप्रतांना सपाट असे आणि बाजूंना जाणारा ध्वनीही त्याच धाटणीचा असे. बाजूच्या ध्वनीला महत्त्व येते, कारण भिंतींवरून परावर्तित होऊन तोही श्रोत्यापर्यंत पोहोचतो. १९९४ मध्ये टूल व शॉन ऑलिव्ह यांनी दाखविले की, तेच ध्वनिक्षेपक समोर दिसू लागताच अनुभवी श्रोत्यांचेही गुण आकार व नाव यांकडे झुकतात. दुकानात चकाकणारी पेटी पाहून केलेल्या निवडीविषयी यावरून पुरेसा बोध होतो.

भारतीय संगीत ध्वनिक्षेपकाची वेगळ्या रीतीने परीक्षा पाहते. जवारी लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा त्या तारेचा पाचवा हरात्मक स्वरक होय. मध्यपट्ट्यात एखादे अनुस्पंदन असले, तर तो एकतर बुजतो किंवा कर्कश होतो. तबल्याच्या शाईमुळे त्याचे स्वरक सुसंवादी होतात, हे चं. व्यं. रामन यांनी १९२० मध्ये दाखविले होते. डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने काढलेली घुमार अखंड सरकत जाते. ज्या पेटीचा खर्ज एकाच स्वरावर फुगतो, तिच्यावर ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरल्यासारखी वाटते.

या दोषात खोलीचाही वाटा असतो. शहरातील नेहमीच्या १० × १२ फुटी खोलीत समोरासमोरील भिंतींमुळे सु. ४७ व ५६ हर्ट्झला स्थिर तरंग उभे राहतात. काही जागी खर्ज दुणावतो, तर काही जागी नाहीसा होतो. कोपऱ्यात ठेवलेला ध्वनिक्षेपक हे तरंग सर्वाधिक उद्दीपित करतो. तो भिंतीपासून हातभर पुढे आणणे व बैठक खोलीच्या मधोमध न ठेवणे, हे उपाय बिनखर्चाचे असून त्यांनी पडणारा फरक पुष्कळदा नवा ध्वनिक्षेपक घेतल्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो. एकविसाव्या शतकात विवर्धक व अंकीय संकेत-संस्करण पेटीतच सामावलेले ध्वनिक्षेपक रूढ झाले. त्यांत लहान शंकूकडून विद्युत् शक्तीच्या बळावर खोल खर्ज काढून घेतला जातो. आवाज वाढविताच मात्र शंकूच्या हालचालीची मर्यादा येते व संस्करण खर्ज आपोआप कमी करते.