जलाशयावरील थर आणि पेशीपटल : लिपिडच्या गतिशास्त्राचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
खानदेशात उन्हाळ्यात पारा अनेकदा ४० अंशांपलीकडे जातो. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरण असो वा धुळ्याचा नकाणे तलाव, साठवलेल्या पाण्याचा काही भाग वापरापूर्वीच वाफ होऊन जातो. हे बाष्पीभवन रोखण्यासाठी पाण्यावर मेदसदृश रेणूंचा एकपदरी थर पसरण्याची कल्पना विसाव्या शतकात पुढे आली. या थराच्या गतीचे पेशीपटलाशी असलेले नाते स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका :
तळ्यावर चमचाभर तेल पसरताच तरंग शमतात, हे बेंजामिन फ्रँकलिन यांचे निरीक्षण १७७४ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९१ मध्ये आग्नेस पॉकेल्स यांनी घरगुती साधनांनी अशा थरांचे मापन केले. १९१७ मध्ये लँगम्यूर यांनी त्यांची जाडी एका रेणूएवढीच असल्याचे दाखविले. १९२५ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे ठरते. गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील लिपिड पाण्यावर पसरून पेशीपटल दुपदरी असल्याचा निष्कर्ष काढला. तर रिडील यांनी एकपदरी थरामुळे बाष्पीभवन घटते, हे प्रयोगाने सिद्ध केले.

पुण्यातील संशोधन :
पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत देव, कुलकर्णी, घारपुरे व बिस्वास यांनी दीर्घशृंखल अल्कोहोल आणि अल्कॉक्सी इथेनॉल यांच्या थरांचा पसरण्याचा वेग व समतोल दाब अभ्यासला. हे संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. पसरण्याच्या वेगाला महत्त्व येते ते वाऱ्यामुळे. पाण्याचा पृष्ठभाग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने वाहतो. ताशी २० किलोमीटर वाऱ्यात थर तासाभरात ६०० मीटर सरकतो आणि मागील पाणी उघडे पडते. थर तितक्याच त्वरेने पुन्हा पसरला नाही, तर बचत संपते. प्रयोगशाळेतील निवांत पात्रात मिळणारे यश खुल्या जलाशयावर टिकत नाही, ते यामुळेच.

थर आणि पाणी :
थर एकटा हलत नाही. तो खालच्या पाण्याला ओढतो व पाणी त्याला अडविते. हेच तत्त्व १९७५ मध्ये सॅफमन व डेलब्रुक यांनी पेशीपटलाला लावले. पटल हा केवळ द्विमितीय द्रव मानल्यास त्यात संथ सरकणाऱ्या प्रथिनाच्या गतीचे समीकरण सुटत नाही. भोवतालच्या पाण्याची श्यानता विचारात घेताच ते सुटते.

समारोप :
जलाशयावरील थर एकपदरी, तर पेशीपटल दुपदरी; एकाला वारा ढकलतो, दुसऱ्यातील रेणू उष्णतेने हिंडतात. तथापि दोहोंची गती भोवतालच्या द्रवापासून अलग करता येत नाही. दुष्काळी प्रदेशात पाणी वाचविण्याचा कोणताही उपाय योजताना रसायनाच्या गुणांइतकाच वाऱ्याचा व पाण्याच्या प्रवाहाचा विचार अपरिहार्य ठरतो.