उपाध्यायाची पात्रता : विनयपिटक ते अध्यापक विद्यालय

शिक्षकालाही आधी शिकवावे लागते, ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असा समज आपल्याकडे रूढ आहे. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास तो मान्य करता येत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात उपाध्याय या पदाची उत्पत्ती सांगितली आहे. मार्गदर्शनाविना नवे भिक्खू अव्यवस्थित चीवरांनी भिक्षेला जात, भोजनशाळेत गलका करीत. लोक नावे ठेवू लागले. तेव्हा भगवंतांनी उपाध्याय नेमण्याची अनुज्ञा दिली. उपाध्यायाने शिष्याला पुत्रवत आणि शिष्याने उपाध्यायाला पितृवत मानावे, असे ठरले. कर्तव्ये दुहेरी आहेत. शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावयाची. उपाध्यायाच्या मनात मिथ्यादृष्टी उपजली तर ती शिष्याने दूर करावयाची! एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या परंपरेशी याची तुलना वाचकांनीच करावी.

पुढे उपसेन वंगन्तपुत्ताचे प्रकरण घडले. स्वतःचा एकच वर्षावास झालेला असताना त्याने एकास उपसंपदा दिली. तथागतांनी त्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली आणि दहा वर्षावासांचा नियम घातला. परंतु दहा वर्षे पुरी झालेले अडाणी भिक्खूही उपसंपदा देऊ लागले. गुरू मूढ आणि शिष्य पंडित, असे दिसू लागले. म्हणून नियमात दुरुस्ती झाली : दहा वर्षे हवीतच, शिवाय तो व्यक्त, म्हणजे विद्वान, आणि समर्थ हवा. जन्माची अट मात्र कोठेही नाही. आमच्या मते हा शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासाचा पहिला अध्याय होय.

आधुनिक काळात हा प्रश्न आपल्या समाजापुढे वेगळ्या रूपाने आला. बोधिसत्त्व बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे स्वतः प्रशिक्षित शिक्षक होते. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून ते लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक राहिले. त्यांच्याच पुत्राला ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश मिळाला, तो वर्गात वेगळे बसण्यासाठी. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे याच दुखण्यावर बोट ठेवले होते. प्राथमिक शिक्षक शक्यतो प्रशिक्षित आणि शेतकरी वर्गातले असावेत, त्यांचे वेतन १२ रुपयांहून कमी नसावे, अशी त्यांची मागणी होती. सरकारने ती मनावर घेतली नाही.

त्याच साताऱ्यात १९३५ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. नाव इंग्रज बादशहाच्या रौप्यमहोत्सवाचे, काम मात्र बहुजनांतून खेड्यांसाठी शिक्षक घडविण्याचे. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा वाढत होत्या. त्यांना जातीच्या अहंकारापासून मुक्त गुरुजी बाहेरून मिळणे कठीण होते.

याच महाराष्ट्रात पुढे अध्यापक विद्यालयांचा बाजार झाला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ च्या अहवालात या राज्यातील सुमारे ३०० संस्था तपासून बहुसंख्य अपात्र ठरविल्या. उपसेनाचा दोष उतावीळपणाचा होता. येथे तर पदविकाच विक्रीला निघाली होती.

नवी मुंबईला हा विषय परका नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे व रायगडच्या गावांवर नगर उभे राहिले, १ जानेवारी १९९२ रोजी महानगरपालिका आली. रयतचे महाविद्यालयही वाशीत आले. पण तुर्भे, दिघा येथील कष्टकऱ्यांच्या मुलांना शिकविणारा शिक्षक कोठे घडतो? २०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा आहे. ती 'व्यक्त' कोण ते काही अंशी सांगते. 'समर्थ' कोण, हे प्रश्नपत्रिकेला कळत नाही. विनयात नव्या भिक्खूला किमान ५ वर्षे आचार्याच्या निश्रयात राहावे लागे. २०१४ च्या केंद्रीय नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे करून त्यात शाळेतील २० आठवड्यांचे प्रत्यक्ष काम घातले. हे २० आठवडे सोयीच्या खाजगी शाळेत न काढता तुर्भे-दिघ्याच्या पालिका शाळांत, अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली काढावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.