केडगावचे मुक्तिसदन

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्तिसदन हे दुष्काळग्रस्त, निराधार आणि विधवा स्त्रियांसाठी एका भारतीय ख्रिस्ती स्त्रीने चालवलेले मोठे आश्रयस्थान ठरले. भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणे ही ख्रिस्ती धर्माची जुनी शिकवण आहे. केडगावात तिला शाळा आणि कामधंद्याची जोड मिळाली. आश्रयाला आलेल्या स्त्रीने पुढे स्वतःच्या कमाईवर उभे राहावे, हा या व्यवस्थेचा रोख होता.

दुष्काळ म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून कळलेले नव्हते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराण सांगत तीर्थयात्रा करणारे विद्वान होते. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात कुटुंबाची अन्नान्न दशा झाली आणि आईवडील गेले. मोठी बहीणही पाठोपाठ वारली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही, कारण १८८२ मध्ये पती वारले. लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर तयार करण्याची गरज मांडली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत. समाजाने टाकलेल्या बाईला घरात घ्यावे, तिची शुश्रूषा करावी आणि तिला पुन्हा माणसांत आणावे, हे रमाबाईंनी तेथे प्रथम पाहिले. अशा स्त्रियांविषयी शास्त्रग्रंथांत त्यांनी वाचले होते ते कठोर होते. येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीच्या कथेचा अर्थ त्यांना या कामातून उमगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतरामागे तत्त्वचर्चा होतीच, पण तिच्याइतकाच वाटा या प्रत्यक्ष पाहिलेल्या सेवेचा होता.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये अमेरिकेत गेलेल्या रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यातून जमलेल्या सहानुभूतीवर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे आर्थिक मदतीची हमी दिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांना वसतिगृहात ठेवून शिकवणारे शारदा सदन सुरू झाले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बालविधवा गोदूबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या. पुढच्या वर्षी संस्था पुण्यात आली.

शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, हे ठरलेले होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वाद पेटला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर या सुधारकांनी सदनाचे सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादानंतर पुण्यातील सुधारकांचा आधार तुटला. दहा वर्षांची अमेरिकन मदत संपल्यावर काय, हा प्रश्नही होता. त्यावर उपाय म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेतली. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा बेत होता.

तो बेत दुष्काळाने बदलला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात अन्नटंचाई पसरताच रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडून मजुरी मिळे, पण एकट्यादुकट्या मुलीला तेथे सुरक्षितता नव्हती; छावण्यांभोवती मुली पळवणारे दलाल फिरत. रमाबाईंनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणण्याचे ठरवले आणि त्या टप्प्याटप्प्याने आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती आणि शहरात एवढ्या मुली ठेवणे अशक्य झाले. त्यामुळे त्यांची सोय केडगावच्या शेतावर तात्पुरत्या निवाऱ्यात करावी लागली. प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून सरकारवर उघड टीका केली. शेतावर हळूहळू पक्क्या इमारती उठल्या आणि २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्तिसदनाचे रीतसर उद्घाटन झाले.

लगेचच १८९९-१९०० चा, गुजरात-राजपुतान्यात ‘छप्पन्या’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ आला. गुजरात आणि काठेवाडातून शेकडो मुली केडगावला आणल्या गेल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात पोहोचली. उपासमारीने खंगलेल्यांना आधी बेताचे अन्न आणि औषधोपचार, मग अंगात बळ आल्यावर शाळा व काम, असा क्रम होता. पाण्यासाठी विहिरी खोदल्या गेल्या. शारदा सदनात जातीचे निर्बंध सांभाळले जात. मुक्तिसदन मात्र उघडपणे ख्रिस्ती होते आणि तेथे ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंतच्या मुली एकत्र राहत.

एवढ्या वस्तीचे पोट चालवणे हेच प्रशिक्षण बनले. शेती, भाजीपाला, गोठा, स्वयंपाक, धुलाई, शिवण, हातमागावरचे विणकाम, तेलघाणा आणि छपाई अशी कामे मुलींच्या हाती होती. अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ धंदा, अशी सर्वसाधारण विभागणी असे. हुशार मुलींना शिक्षिका म्हणून तयार केले जाई. गरजेप्रमाणे शाखा निघाल्या: फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन आणि अंधांसाठी स्वतंत्र विभाग. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. त्यांनी ती अंध मुलींना शिकवली आणि शाळेची मोठी जबाबदारी सांभाळली.

हे काम कोणत्याही एका पंथाच्या मिशनच्या ताब्यात नव्हते. देशोदेशींच्या ख्रिस्ती मंडळींकडून येणाऱ्या देणग्यांवर ते चाले. सुंदराबाई पवार आणि मिनी अब्राम्स यांच्यासारख्या देशी-विदेशी सहकारी त्यात होत्या. १९०५ मध्ये येथे मोठी प्रार्थना-जागृती झाली. धर्मप्रसारासाठी दुष्काळाचा उपयोग केला जातो, हा आक्षेप संस्थेवर घेतला जाई. रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. त्यांच्या लेखी अन्न, शिक्षण आणि येशूची ओळख या गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

शेवटच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले, जेणेकरून कमी शिकलेल्या बायकांनाही ते वाचता यावे. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. तोवर भाषांतर पूर्ण झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

रमाबाईंच्या कामाचा परिणाम ख्रिस्ती समाजापुरता राहिला नाही. विधवांना वसतिगृहात ठेवून शिकवता येते, हे शारदा सदनाने महाराष्ट्राला आधीच दाखवून दिले होते. शारदा सदनातच शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे आनंदीबाईंशी, विवाह केलेल्या कर्व्यांनी १८९६ मध्ये हिंदू विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले आणि १९०० मध्ये ते हिंगण्यास नेले. धर्माबाबत दोन्ही संस्थांचे मार्ग वेगळे होते, पण निवास, शिक्षण आणि स्वावलंबन ही चौकट एकच होती. रमाबाईंनंतरही केडगावची संस्था चालू राहिली आणि आजही तेथे निराधार स्त्रिया व मुलांना आश्रय व शिक्षण दिले जाते.